सांगितलं तेवढंच

बनशंकरी, बंगळूर
२० ऑगस्ट १९९५

शंभू अण्णा,

तुझं कार्ड कॉलेजच्या पत्त्यावर मिळालं. "मी बरा आहे, काळजी नसावी." झालं! एवढ्यासाठी त्या बिचाऱ्या कार्डाने पुण्याहून इथपर्यंत धक्के खाल्ले. अरे, सख्ख्या बहिणीला लिहितोयस, कारखान्याच्या मॅनेजरला नाही.

घरी सगळं जसं होतं तसंच. अप्पा साडेपाचला कारखान्यातून येतात, कन्नड पेपर उघडतात आणि त्याच्या मागे बसतात. तुझं नाव काढत नाहीत. होसूरच्या लोकांना तुझ्या वतीने "हो" सांगून त्यांनी सुपारी फोडली, दुसऱ्या दिवशी तू बॅग उचललीस, आणि त्याच दिवशी आईने पानाचा डबा कपाटावर ठेवला, तो अजून खाली आलेला नाही. घरात कुणी पान खात नाही आता. मी तेव्हाही म्हणाले होते आणि आजही म्हणते, अप्पांनी तुझ्या भल्यासाठीच केलं. मुलगी चांगली होती, घर चांगलं होतं. तू एवढा डोक्यात राख घालून जायला नको होतास. रागव हवं तर.

मला इथे एका जागी बसवत नाही. आई म्हणते पायाला भिंगरी लागलीय. सकाळी प्रॅक्टिकल, दुपारी घर, घरात ही शांतता. वही उघडते, मिटते. खिडकीशी जाते, परत येते. म्हणून काय केलं सांगू? एनएसएसला नाव दिलं. समाजसेवा! तू हसशील, हस. आमचे केमिस्ट्रीचे नरसिंहराव सर ते बघतात. पहिल्याच रविवारी आम्हाला हेब्बाळच्या तळ्याकाठी रोपं लावायला नेलं. बॅनर धरला, फोटो काढला, उपमा खाल्ला. पुढच्या रविवारी पाणी घालायला गेले तर मी एकटीच. रोपं बकऱ्यांनी खाऊन टाकलेली. मी सोमवारी सरांकडे जाऊन भांडले. म्हटलं, सर, ही बकऱ्यांची सेवा झाली. ते रागावले नाहीत. चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुला इतकी खुमखुमी आहे तर एक काम आहे. त्यात फोटो नाही. बघ जमतं का."

काय ते अजून सांगितलं नाही. फक्त विचारलं, "तुला मराठी येतं ना?" मी म्हटलं, घरी तेच बोलतो सर, तीनशे वर्षं झाली.

मोठं पत्र लिही. नाहीतर लिहू नको.

दिव्यश्री

*

१२ नोव्हेंबर १९९५

शंभू अण्णा,

या खेपेला सहा ओळी! प्रगती आहे. "इथे मराठी बोललो की मेसमधले हसतात" हे वाचून मला इतकं बरं वाटलं. कारण माझीही तीच गत झालीय, तीही बंगळुरात राहून.

सरांचं ते काम म्हणजे शलाका. जे. पी. नगरला राहते. वडील विद्याधर काका, संशोधन संस्थेत इंजिनिअर, आई हेमलता काकू, मूळ पुण्याचे. शलाका बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, माझ्यापेक्षा एका वर्षाने पुढे. नववीत असताना तिची दृष्टी कमी व्हायला लागली, दहावी होईपर्यंत गेली. आता अजिबात दिसत नाही. मी आठवड्यातून तीनदा जाते आणि तिची पुस्तकं (ती इंग्लिशच, मराठी लागतं ते बोलायला) मोठ्याने वाचून कॅसेटवर भरते. मग ती टेपरेकॉर्डर कानाशी धरून अभ्यास करते. रिवाइंड, परत तेच, रिवाइंड. इतिहासाचं अख्खं पुस्तक माझ्या आवाजात आहे. ती म्हणते, "झोपेतसुद्धा तूच ओरडत असतेस."

मला वाटलं होतं, आंधळी मुलगी म्हणजे गरीब बिचारी असेल, आपण जायचं, हात धरायचा. पहिल्याच दिवशी मी तिचा हात धरून तिला खुर्चीपर्यंत न्यायला लागले तर म्हणाली, "हे माझं घर आहे. तुला खुर्ची हवी असेल तर ती डावीकडे आहे." अय्यो, माझं तोंड बघायला हवं होतंस! आणि माझं मराठी ऐकून तर ती लोळायचीच बाकी राहिली. म्हणते, "तुमचं मराठी शहाजीराजांबरोबर इथे आलं आणि वाटेत सांबारात पडलं." मी म्हटलं, तुमचं काय मोठं, दर तिसरा शब्द इंग्लिश. मग दोघीही हसलो. काकूंनी आतून डोकावून पाहिलं. मला वाटतं त्या घरात हसणं जरा कमीच होत असावं.

कारण असं आहे. मागच्या वर्षी ती नापास झाली. अभ्यास नव्हता म्हणून नाही. तिला परीक्षेला रायटर लागतो. म्हणजे ती सांगणार आणि दुसऱ्या कुणीतरी लिहायचं. मागच्या खेपेचा मुलगा अर्ध्या पेपरानंतर हात दुखतो म्हणून गाळून गाळून लिहायला लागला. आता विद्याधर काकांनी सांगून टाकलंय, या वर्षी नाही निघाली तर कॉलेज बंद. "तुझी ओढाताण आम्हाला बघवत नाही," असं म्हणाले. शलाका मला म्हणाली, "बघवत नाही हे त्यांनी मला सांगावं?" मग घरात बसून काय करायचं, तर स्वेटर विणायचे. तिला विणकामाचा एवढा राग आहे की सुई हातात दिली तर कुणाला तरी टोचेल.

तिला पास व्हायलाच हवं. आणि रायटर मी होणार आहे. सरांनी नियम सांगितला, रायटर खालच्या वर्गातला हवा आणि तो विषय न शिकलेला हवा, म्हणजे त्याने स्वतःची अक्कल चालवू नये. मी म्हटलं, सर, निर्धास्त राहा, इतिहासाची अक्कल मला नाहीच.

अप्पांना सांगितलं. पेपरामागून होकार दिला, "सरी." एवढंच. जाऊ दिलं हेच खूप.

दिव्यश्री

*

४ मे १९९६

शंभू अण्णा,

शलाकाचा इतिहासाचा पेपर आज झाला. चांगला गेला. विशेष काही नाही.

ऊन फार आहे. कॉलेजच्या मागच्या एका खोलीत आम्हा दोघींना वेगळं बसवलं होतं, सोबत एक सुपरवायझर बाई. त्या पूर्ण वेळ पदराने वारा घेत होत्या. माझी बोटं दुखताहेत.

एक सांग, काही माणसांना आपलं भलं झालेलं का सोसत नाही? आपण जीव तोडून करायचं आणि त्यांनी उलटून बोलायचं. अडेलतट्टूपणाला काही औषध आहे का तुमच्या पुण्यात? असेल तर पाठव पार्सलने. जेवले नाही मी. आईने दोनदा हाक मारली, म्हटलं भूक नाही. गच्चीवर फेऱ्या मारून आले, परत हे पत्र घेऊन बसले, आता परत उठणार आहे.

बाकी ठीक. ९ तारखेला समाजशास्त्राचा पेपर आहे. तो शेवटचा.

दिव्यश्री

*

५ मे १९९६

शंभू अण्णा,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत वाटत राहिलं की परत जाऊन हात घालून काढावं. मी तुला सगळं सांगितलं नाही. सांगते. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला आज चैन पडणार नाही.

जमीन महसुलाचा प्रश्न होता. कायमधारा पद्धत कुठे आणि रयतवारी कुठे. शलाका सांगत होती, मी लिहीत होते, सगळं फर्स्ट क्लास चाललं होतं. आणि तिने उलटं सांगितलं. कायमधारा मद्रासकडे आणि रयतवारी बंगालात. अण्णा, ते पान मी स्वतः वाचून कॅसेटवर भरलंय, एकदा नाही, खोकला आला म्हणून परत भरलंय. मला ते पाठ आहे. मी लिहिताना सरळ करून टाकलं. बंगालच्या जागी बंगाल, मद्रासच्या जागी मद्रास. आणि हात चालूच होता म्हणून पुस्तकातली अजून एक ओळ जोडली, म्हणजे उत्तर जरा भरीव दिसेल. एका क्षणात झालं. मी विचारसुद्धा केला नाही. मला वाटलं, हिला पास व्हायचंय ना, मग!

तिने बोलणं थांबवलं. मान तिरकी केली. मग अगदी हळू, बाईंना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "माझं वाक्य संपलं तरी तुझं पेन चालतंय. काय लिहिलंस?"

मी पेन खाली ठेवलं.

"वाच."

वाचलं. खोटं वाचायचं माझ्या मनात आलं होतं, पण तिच्यासमोर जीभ वळली नाही. ऐकून ती म्हणाली, "खोड. मी सांगितलं तेच लिही."

मी कुजबुजले, "अगं, तू चुकतेयस. उलटं आहे ते."

"मग मी चुकलेय. खोड."

अण्णा, मी खोडलं. बरोबर असलेलं उत्तर स्वतःच्या हाताने खोडून चुकीचं लिहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाने. त्यानंतर प्रत्येक वाक्य संपल्यावर ती थांबायची, पेन थांबल्याचं ऐकायची आणि मगच पुढे जायची. वेळ त्यातच गेला. शेवटचा प्रश्न अर्धा राहिला.

बाहेर आल्यावर मी फुटलेच. म्हटलं, तुझ्यासाठी केलं, नापास झालीस तर घरी बसशील, कळतं का? ती म्हणाली, "माझ्यासाठी केलंस तर मला विचारलंस का?" मी म्हटलं, परीक्षेत कसं विचारणार? "मग करायचं नाही," म्हणाली. "मला दिसत नाही, दिव्यश्री. कागदावर काय आहे ते मी कधीच बघू शकणार नाही. तू लिहितेस ते माझंच आहे एवढ्या विश्वासावर मी तिथे बसते. तो पेपर पास झाला असता तर तो तू पास झाली असतीस. मग मी घरी बसले काय आणि कॉलेजला गेले काय, सारखंच." आणि मग, "नऊ तारखेला येऊ नकोस. मी दुसरी बघते."

दुसरी! मेच्या सुट्टीत हॉस्टेलं रिकामी झालीत, सगळ्या गावाला गेल्या. आयत्या वेळी कोण येणार आहे? रायटर नाही तर पेपर नाही, पेपर नाही तर नापास, आणि नापास तर स्वेटर. हे तिला माहीत आहे. तरी म्हणाली.

आज सकाळी तिच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं, मागून तिचा आवाज आला, "झोपलेय म्हणून सांग." झोपलेलं माणूस असं ओरडतं का कधी? बसमधून न उतरता तशीच बनशंकरीच्या पुढे दोन स्टॉप गेले, परत चालत आले.

तुला राग येतोय का माझा? मला माझा येतोय, आणि तिचाही.

दिव्यश्री

*

७ मे १९९६

शंभू अण्णा,

ती आली होती! आपल्या घरी! मी भाजी निवडत होते. दारात रिक्षा थांबली, बघते तर काकू आणि शलाका. अप्पांची दुसरी पाळी, म्हणून ते घरीच होते.

दारातूनच म्हणाली, "नाइलाज म्हणून आलेय. प्रेमाने नाही."

मी म्हटलं, "आत तरी ये."

"नरसिंहराव सरांनी चार मुलींच्या घरी विचारलं. एकही गावात नाही. तेव्हा तूच. पण आधी परीक्षा द्यायची. मी सांगते, तू लिही. मग तिसऱ्याने वाचायचं. आईने नाही, ती माझी बाजू घेईल."

घरात तिसरं कोण? आपली आई पडली कन्नड शाळेतली, मराठी अक्षर म्हटलं की हात जोडते. अप्पांना देवनागरी वाचता येतं, पोथीपुरतं, बोट ठेवून. मी म्हटलं, अप्पा नको, ते वाचणार नाहीत. तर पेपरामागून आवाज आला, "वाचतो की. आण."

मग काय! आपल्या पुढच्या खोलीत, आई चहाचे पेले घेऊन उभी, काकू खुर्चीच्या कडेवर, आणि मी कागद घेऊन खाली बसलेली. शलाका भिंतीकडे तोंड करून सांगायला लागली. काय सांगितलं ते जसंच्या तसं इथे देते, कारण ते मला आता कायमचं पाठ झालंय:

"आज सोमवार आहे. दिव्यश्री माझ्याकडे ऑगस्टपासून येते. तिचा आवाज मोठा आहे आणि उच्चार भयंकर आहेत. ती कधी उशिरा आली नाही. ती आगाऊ आहे. समोरच्याला काय म्हणायचं आहे ते त्याच्या आधी आपल्याला कळतं असं तिला वाटतं, म्हणून ती विचारत नाही. दुसऱ्याचं भलं करते आणि मग त्याने खूश व्हावं म्हणून तोंडाकडे बघत बसते. माझं चुकलेलंसुद्धा माझंच असतं, हे तिला कुणीतरी समजावून सांगा."

आज सोमवार नाही, मंगळवार आहे. माझं पेन तिथेच अडलं. पण मी सोमवार लिहिलं. आगाऊ पण लिहिलं, कान लाल झाले होते तरी लिहिलं. भयंकर पण लिहिलं.

अप्पांनी चष्मा लावला, बोट ठेवलं. "आज सो-म-वार आहे. सोमवार? आज तर मंगळवार." शलाका एवढी खळखळून हसली की काकूंच्या हातातला पेला हलला. "पास," म्हणाली. "काका, पुढे वाचा."

अप्पा वाचत गेले. तुला माहीत आहे ते कसं वाचतात, एकेक अक्षर तपासून. "आगाऊ आहे" वर आई तोंडाला पदर लावून हसली. मग "म्हणून ती विचारत नाही" इथे आले आणि थांबले. मला वाटलं जोडाक्षर अडलं. पण ते बोट तिथेच. परत मागे गेले आणि तेच वाक्य परत वाचलं, या खेपेला मोठ्याने नाही. पुढचं वाचून संपवलं. कागदाची नीट घडी केली, मला परत दिला नाही, खिशात ठेवला. आणि शलाकाला म्हणाले, "बाळ, ही आमच्या घरातली खोड आहे. हिच्याकडे कुठून आली ते मला ठाऊक आहे."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग अप्पा मागच्या अंगणात गेले आणि नळ सोडून उगाच जास्वंदीला पाणी घालत बसले. जास्वंदीला सकाळीच पाणी घातलं होतं.

अण्णा, मी तुला वर्षभर सांगत आले की अप्पांनी तुझ्या भल्यासाठीच केलं. आता नाही सांगणार. म्हणजे केलं भल्यासाठीच. पण ते सांगायचं नाही हे मला कळलं.

दिव्यश्री

*

९ मे १९९६

शंभू अण्णा,

झाला पेपर. या खेपेला खरं सांगते.

तीच खोली, त्याच बाई. शलाका सांगत गेली, मी लिहीत गेले. तिने प्रत्येक वाक्यानंतर थांबणं सोडून दिलं होतं, भराभरा सांगत होती, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटत होती. तिसऱ्या प्रश्नात तिने एक व्याख्या सांगितली. मला वाटलं, ही चूक आहे. पुस्तकात वेगळं आहे. ते वाक्य माझ्या डोक्यात तयार होतं, अगदी ओठांवर होतं. मी तिचं लिहिलं. स्वल्पविरामसुद्धा माझा नाही.

सगळे प्रश्न झाले, वेळ उरला. तिने सगळं वाचून घेतलं. त्या व्याख्येपाशी ती म्हणाली, "थांब. हे बरोबर नाही वाटत." तिने कपाळ चोळलं. मी हूं की चूं केलं नाही. मग म्हणाली, "नाही आठवत. राहू दे." आणि राहिलं ते तसंच.

परीक्षेत गप्प बसणं एवढं अवघड असतं हे मला माझ्या कुठल्याच पेपरात कळलं नव्हतं.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "किती चुका होत्या गं माझ्या?" मी म्हटलं, "मला काय माहीत, मी खालच्या वर्गातली." मग तिने स्वतःहून माझा दंड धरला आणि आम्ही बस स्टॉपपर्यंत आलो. आता निकाल जुलैत. तोपर्यंत मी काय करू सांग.

दिव्यश्री

*

१८ जुलै १९९६

शंभू अण्णा,

पास!!

काय सांगू, गेले दोन महिने कसे काढले. रोज उठून वाटायचं, ते बरोबर उत्तर मी खोडायला नको होतं. दुसऱ्या मिनिटाला वाटायचं, मुळात लिहायलाच नको होतं. एनएसएसच्या कँपला गेले, शाळेच्या भिंती रंगवल्या, तिथेही ब्रश हातात घेऊन रयतवारी आठवत बसायचे. माझा स्वतःचा निकाल लागला तो मी नीट पाहिलाही नाही. (पास आहे. आईला विचार. म्हणजे, विचारणार कसा तू. असो.)

आज बोर्डावर मी तिचा नंबर शोधत होते. ती शेजारी उभी, विचारतेय, "काय? काय? बोल ना!" मी दोनदा तपासलं. इतिहासात अगदी काठावर. पण निघाली. मी ओरडलेच.

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "पास मी झालेय ना? नक्की? तुझं काही नाही ना त्यात?" मी म्हटलं, "अक्षर माझं. बाकी सगळं तुझं." ती तिथेच पायरीवर बसली आणि रडली. मी काही केलं नाही, पाणी हवं का एवढं विचारलं. हो म्हणाली, मग आणून दिलं.

विद्याधर काका म्हणाले, मार्क कमी आहेत. शलाका म्हणाली, "बाबा, कमी आहेत पण माझे आहेत. तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायला मी जातेय. तुम्हाला यायचंय का?" काका गेले तिच्याबरोबर. काकूंनी मला परवा जेवायला बोलावलंय आणि शलाकाने नव्या कॅसेटी आणून ठेवल्यात.

घरी सांगितलं तर अप्पांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, "त्या पोरीचं झालं ना? छान झालं." मग जरा वेळाने, "खोडलेलं उत्तर कुणाचं होतं म्हणालीस? तुझं का?" मी म्हटलं हो. "हं," म्हणाले. पेपर परत वर नेला नाही.

दिव्यश्री

*

२२ सप्टेंबर १९९६

शंभू अण्णा,

आजचं पत्र माझं नाही. अप्पांचं आहे.

दुपारी जेवण झाल्यावर म्हणाले, "कागद घे. शंभूला लिहायचंय. पत्ता तुझ्याकडे आहेच." (म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं!) मी म्हटलं, "अप्पा, कन्नडात तुम्हीच लिहा ना, अण्णाला वाचता येतं." तर म्हणाले, "कन्नडात लिहिलं की अर्ज होतो. हे घरचं बोलणं आहे. मराठी मला लिहिता येत नाही, तू लिही. त्या मुलीचं लिहिलंस तसं. सांगितलं तेवढंच."

म्हणून हे तेवढंच आहे:

शंभूराज,

मी अप्पा बोलतोय. हे खोड. नाही, राहू दे.

इथे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा दुखतो. तुझ्या सायकलला स्वल्प गंज चढला होता, मी काढला. कुणी चालवत नाही.

होसूरच्या मुलीचं लग्न झालं. चांगल्या घरी पडली. तिचे वडील मला बाजारात भेटतात, बोलतात. तुझ्यामुळे कुणाचं वाईट झालं नाही, एवढं तुला कळावं.

त्या दिवशी ते लोक आले तेव्हा तू आतल्या खोलीत होतास. रेडिओ लावला होतास. मी हाक मारली असती तर आला असतास. मला वाटलं, विचारलं तर नाही म्हणेल. म्हणून विचारलं नाही.

म्हणून विचारलं नाही. हे दोनदा लिहिलंस का? असू दे दोनदा.

दसऱ्याला येतोस का? हे विचारतोय. ये असं सांगत नाही. यायचं नसेल तर नाही म्हणून लिही. मला चालेल. चालणार नाही, पण चालवून घेईन.

उत्तर मराठीत लिही. मी वाचीन. वेळ लागतो, पण वाचतो.

दिव्या रडते आहे. हे लिहू नको. लिहिलंस? बरं.

झालं. वाचून दाखव.

मी वाचून दाखवलं, अण्णा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि कागद मांडीवर घेऊन खाली सही केली. सही कन्नडात आहे.

मला तुला पुष्कळ काही लिहायचंय. पण हा कागद अप्पांचा आहे. माझं मी दुसऱ्या कागदावर लिहीन.

दिव्यश्री